पेशी आपल्याच आहेत, मग तपासायचं काय त्यात?

मागच्या अंकात रुग्णाच्याच पेशी काढून, बाहेर वाढवून परत त्याच्याच शरीरात सोडायच्या उपचारांबद्दल, म्हणजे ज्याला रिजनरेटिव्ह मेडिसिन म्हणतात त्याबद्दल, या सदरात थोडं लिहिलं होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येत होते, की या पेशी चांगल्या आहेत हे ठरवतं कोण आणि कशावरून. म्हणून यावेळी पूर्ण सदर त्यालाच दिलंय. आजारपणाचा मामला आहे त्यामुळे नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझ्या भावाच्या गुडघ्यातली कूर्चा झिजलीये, एका जागी खड्डाच पडलाय. डॉक्टर त्याच्याच कूर्चेचा छोटा तुकडा काढून लॅबमधे वाढवून परत लावणार आहेत. मधे काही आठवडे जाणार आणि तपासण्या होणार म्हणे. पण पेशी तर त्याच्याच आहेत, शरीर नाकारायचा प्रश्नच नाही, मग तपासायचं काय असतं?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. शरीर नाकारणार नाही म्हणजे पेशी चांगल्या, असं आपण धरून चालतो आणि गल्लत होते ती तिथेच. नाकारणं ही प्रतिकारशक्तीची गोष्ट झाली, हे आपलं की परकं एवढंच ती बघते. पण भावाच्या पेशी त्याच्या अंगातनं निघाल्यापासून परत जाईपर्यंत काही आठवडे बाहेर राहतात, एन्झाइम घालून सुट्या केल्या जातात, प्लास्टिकच्या फ्लास्कमधे वाढतात, कुठल्यातरी सीरमवर जगतात, दर थोड्या दिवसांनी कोणीतरी झाकण उघडून मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, बदलतं, आणि यातल्या प्रत्येक पायरीवर जंतू शिरू शकतो, लेबल चुकू शकतं, किंवा पेशीचाच स्वभाव बदलू शकतो.

हे शेवटचं लोकांच्या लक्षातच येत नाही. कूर्चेच्या पेशी सपाट प्लास्टिकवर वाढवल्या की हळूहळू कूर्चेच्या राहतच नाहीत. गोलसर असतात त्या लांबट होत जातात, आणि कूर्चेला लागणारं टाइप २ कोलॅजन बनवायचं सोडून टाइप १ बनवायला लागतात, जे जखमेच्या वणात सापडतं. म्हणजे पेशी जिवंत, संख्या भरपूर, डीएनए शंभर टक्के भावाचा, आणि तरी काम मात्र भलतंच. म्हणून त्या किती वेळा वाढवायच्या याला मर्यादा असते आणि वाढवून झाल्यावर त्या अजून कूर्चेच्याच आहेत का हे बघावं लागतं. घाबरू नका, हा उपचार काही कालचा नाहीये. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २३ रुग्णांवरचा अनुभव १९९४ मधे छापला होता आणि अमेरिकेत अशा पेशींना १९९७ मधे मान्यता मिळाली, त्यामुळे काय बघायचं याचा अनुभव भरपूर जमलाय.

जाता जाता एक. अमेरिकेच्या नियमांत स्वतःच्याच पेशी परत घ्यायच्या असतील तर हिपॅटायटिस, एचआयव्ही वगैरेची चाचणी सक्तीची नाही, पण ती केली नसेल तर पाकिटावर 'फक्त स्वतःच्या वापरासाठी' आणि 'संसर्गजन्य घटकांसाठी तपासलेलं नाही' असं लिहावंच लागतं. वाचून दचकायला होतं, पण तर्क साधा आहे, जो विषाणू आधीच अंगात आहे तो परत गेल्याने नवीन आजार होत नाही. मला स्वतःला ही सवलत फारशी पटत नाही कारण त्याच फ्रीझरमधे शेजारी दुसऱ्या कोणाच्या पेशी असतात, आणि लॅबमधे हात घालणारी माणसं पण असतातच की.

प्रश्न : आमच्याकडे आलेल्या कागदावर आयडेंटिटी, प्युरिटी, स्टेरिलिटी, एंडोटॉक्सिन, मायकोप्लाझ्मा असे रकाने आहेत आणि पुढे सगळीकडे नुसतं 'पास' लिहिलंय. याचा अर्थ काय घ्यायचा?

आधी एक, नुसतं 'पास' पुरेसं नाही. मर्यादा किती होती आणि आकडा किती आला हे दोन्ही मागा, द्यायला हरकत नसते कोणाची, नसावी तरी.

आयडेंटिटीचे दोन अर्थ आहेत. एक, या पेशी ज्या रुग्णाच्या म्हणताय त्याच्याच आहेत का, त्यासाठी काढल्यापासून लावेपर्यंत बारकोड, प्रत्येक टप्प्यावर दोघांच्या सह्या, आणि शंका आली तर डीएनएचं प्रोफाइल. दोन, ज्या जातीच्या म्हणताय त्याच जातीच्या आहेत का. हे फ्लो सायटोमीटरवर बघतात, पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणांना रंगीत अँटिबॉडी चिकटवून एकेक पेशी लेझरसमोरून नेतात. मेझेनकायमल पेशींसाठी, म्हणजे अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढतात त्या, २००६ मधे आंतरराष्ट्रीय संस्थेने किमान निकष ठरवून दिलेत, की सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा ९५ टक्के किंवा जास्त पेशींवर हव्यात, रक्तपेशींच्या सीडी४५, सीडी३४ वगैरे खुणा २ टक्क्यांच्या वर नकोत, शिवाय पेशी प्लास्टिकला चिकटायला हव्यात आणि त्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा तिन्ही बनवून दाखवता यायला हवं.

प्युरिटी म्हणजे नको त्या पेशी किती उरल्यात. वरवर किरकोळ वाटतं पण याचं एक भयंकर उदाहरण आहे, रिजनरेटिव्ह मेडिसिनमधलं नाही, शेजारच्या कार-टी उपचारातलं, ज्यात रुग्णाच्याच टी-पेशींमधे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींमधे, जीन घालून त्यांना कर्करोगावर सोडतात. ल्युकेमियाच्या एका रुग्णाच्या टी-पेशींमधे जीन घालताना चुकून एक कर्करोगाची पेशी पण त्यातच राहिली आणि तिच्यातही तोच जीन गेला, त्यामुळे ती औषधापासून लपली, तिचीच पिलावळ वाढली आणि आजार परतला, रुग्ण दगावला. हे २०१८ मधे प्रसिद्ध झालं. एक पेशी, फक्त एक.

स्टेरिलिटीत बॅक्टेरिया आणि बुरशी बघतात. एंडोटॉक्सिन म्हणजे जंतू मेले तरी त्यांच्या भिंतीचे जे तुकडे उरतात ते, रक्तात गेले तर ताप, थंडी, बीपी एकदम खाली. शिरेतून वगैरे द्यायच्या औषधाला याची मर्यादा तासाला दर किलो वजनामागे ५ युनिट धरतात. मायकोप्लाझ्मा हा मात्र खरा छुपा रुस्तम, त्याला पेशीभित्तीच नसते म्हणून पेनिसिलिनसारखी औषधं त्याच्यावर चालत नाहीत, बारीक फिल्टरमधूनही निसटतो, आणि मीडियम गढूळही होत नाही, त्यामुळे फ्लास्क बघून काहीच कळत नाही, पेशी फक्त मलूल होत जातात.

प्रश्न : स्टेरिलिटीचा रिपोर्ट यायला १४ दिवस लागतात असं वाचलं. पण आईला पेशी लॅबमधून निघाल्या त्याच दिवशी दिल्या आणि रिपोर्ट नंतर येईल म्हणाले. ही फसवणूक तर नाही ना? फार काळजी वाटतेय.

नाही, फसवणूक असेलच असं नाही. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

गोळ्यांच्या कारखान्यात लाखो गोळ्यांची एक बॅच असते, त्यातल्या काही फोडून तपासल्या, निकाल येईपर्यंत बाकीच्या गोदामात ठेवल्या, झालं. इथे एक रुग्ण म्हणजे एक बॅच. ताज्या पेशी काही तासांत, फार तर एक दोन दिवसांत द्याव्या लागतात, आणि पारंपरिक स्टेरिलिटी चाचणीत नमुना १४ दिवस वाढवून बघतात, मायकोप्लाझ्माची कल्चर चाचणी तर २८ दिवसांची. निकालाची वाट बघितली तर द्यायला पेशीच उरणार नाहीत. म्हणून चांगल्या लॅबमधे तपासणी शेवटी एकदाच न करता वाटेत ठिकठिकाणी करतात, म्हणजे वाढवायच्या मधल्या टप्प्यांवर मीडियमचे नमुने लावून ठेवायचे जेणेकरून द्यायच्या दिवशी निदान काही दिवसांपूर्वीपर्यंतचा निकाल हातात असेल, द्यायच्या दिवशी ग्राम स्टेन करून, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून रंग देऊन, मायक्रोस्कोपखाली बघायचं, एंडोटॉक्सिनची चाचणी आणि मायकोप्लाझ्माची पीसीआर काही तासांत होतात त्या करायच्या, आणि आपोआप वाचणाऱ्या कल्चर मशीनमधे शेवटचा नमुना लावून द्यायचा, त्यात जंतू असला तर बरेचदा १४ दिवसांच्या खूप आधीच इशारा येतो.

मग खरा प्रश्न उरतो तो असा, की पेशी दिल्यानंतर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय? याचं उत्तर आधीच कागदावर असायला हवं. लॅबने डॉक्टरांना लगेच फोन करायचा, जंतू कोणता आणि त्याला कुठलं अँटिबायोटिक चालतं ते सांगायचं, आईवर लक्ष कोणी आणि किती दिवस ठेवायचं, हे सगळं. तुम्ही आत्ता जाऊन डॉक्टरांना एवढंच विचारा की शेवटचा निकाल कधी येणार आहे आणि वाईट आला तर मला कोण कळवणार. उत्तर तयार असेल तर काळजी बरीचशी सोडा. 'तसं कधी होत नाही हो' असं उत्तर आलं तर मात्र मला खटकेल.

आणखी एक, निगेटिव्ह रिपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नये. शितावरून भाताची परीक्षा इथे पूर्ण लागू पडत नाही, कारण पिशवीत मोजके जंतू असतील तर काढलेल्या थेंबभर नमुन्यात ते येतीलच असं नाही. आणि नमुना मोठा घ्यावा तर रुग्णाच्याच पेशी कमी होतात, प्रत्येक चाचणी औषध खाते. म्हणून हात न लावता तपासायच्या पद्धतींवर बरंच काम चाललंय. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधे कपिल भारती यांच्या गटाने रेटिनाच्या पेशींच्या थराचे साधे मायक्रोस्कोपचे फोटो कॉम्प्युटरला शिकवले, आणि तो थर किती घट्ट जुळलाय, नीट काम करतोय का, याचा अंदाज फक्त फोटोवरून बांधता येतो हे २०२० मधे दाखवलं. मला हे फार आवडलं, एकही पेशी खर्च नाही.

प्रश्न : रिपोर्टमधे व्हायबिलिटी ९४ टक्के आलीये. म्हणजे ९४ टक्के पेशी काम करणार ना?

नाही हो! ९४ टक्के पेशी मोजल्या त्या क्षणी जिवंत होत्या, एवढंच.

बरेचदा हे ट्रिपन ब्लू नावाच्या निळ्या रंगाने बघतात, ज्या पेशीचं आवरण फाटलंय तिच्यात रंग शिरतो, ती मेलेली धरायची, बाकीच्या जिवंत. पण जी पेशी मरायच्या वाटेला लागलीये आणि आवरण अजून शाबूत आहे ती पण जिवंतातच मोजली जाते, आणि काही तासांनी जाते. गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर हे हमखास होतं, लगेच मोजलं तर आकडा झकास, संध्याकाळी मोजला तर तोंड पडतं. त्यामुळे आकडा कधीचा आहे, गोठवायच्या आधीचा की वितळवल्यानंतरचा, हे विचारा. साधारण ७० टक्के ही किमान पातळी बऱ्याच ठिकाणी धरतात.

पण जिवंत असणं वेगळं आणि काम करणं वेगळं. या काम करण्याच्या मोजमापाला पोटन्सी म्हणतात आणि माझ्या मते पूर्ण रिपोर्टमधे वाचण्यासारखा रकाना हाच, आणि नेमका तोच बरेचदा सगळ्यात पातळ असतो. हे नीट केलेलं काम कसं दिसतं ते सांगते. डोळ्यात केमिकल उडून बुबुळाची कड जळाली की तिथल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, संपतात, कॉर्निया पांढरट होतो, दिसत नाही. इटलीतल्या गटाने दुसऱ्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन पेशी वाढवल्या आणि लावल्या, ११२ रुग्णांचे निकाल २०१० मधे छापले. त्यात त्यांनी पी६३ नावाचं प्रथिन भरपूर असलेल्या, म्हणजे खऱ्या मूळ पेशी किती आहेत ते मोजलं होतं. त्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या वर होतं तिथे ७८ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी झाला, आणि ३ टक्के किंवा कमी होतं तिथे फक्त ११ टक्क्यांत! बाहेरून बघाल तर दोन्ही थर सारखेच, जिवंतही सारखेच. कॉर्नियाचा पृष्ठभाग सतत झडतो आणि नवा येतो, मागे मूळ पेशी नसतील तर आज लावलेला सुंदर थर काही महिन्यांत संपणारच. या उपचाराला पुढे २०१५ मधे युरोपात मान्यता मिळाली.

असा एक आकडा, जो रुग्णाला पुढे काय होणार ते आधी सांगतो, तो प्रत्येक उपचारात मिळालाय का? नाही. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात आहे, तिथे सीडी३४ ही खूण असलेल्या, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान २० लाख हव्यात असं धरतात, त्याच्या खाली गेलं की रक्त परत तयार व्हायला उशीर होतो. पण मेझेनकायमल पेशींचं इंजेक्शन दहा वेगवेगळ्या आजारांवर देतात आणि त्या नेमकं काय करून बरं करतात यावरच एकमत नाही, मग मोजणार काय? निदान ज्या आजारावर देताय त्याच्याशी संबंध असलेली एखादी चाचणी तरी हवी.

प्रश्न : त्वचेच्या पेशी मागे नेऊन आयपीएस पेशी करतात आणि त्यातून हवा तो अवयव... पण त्यातून कॅन्सर होऊ शकतो असं ऐकलं. हे तपासता येतं का?

येतं, पण मर्यादेत. आयपीएस म्हणजे साध्या पेशी भ्रूणातल्यासारख्या अवस्थेत मागे नेलेल्या, ज्यांच्यापासून पुढे कुठलीही पेशी बनवता येते. जपानमधे कोबे इथे सप्टेंबर २०१४ मधे सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला रेटिनाच्या मागचा थर बसवला, मासायो ताकाहाशी यांच्या गटाने, जगात पहिल्यांदा. वर्षभरानंतर गाठ नव्हती, नजर सुधारली नाही पण बिघडलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी मात्र तपासताना त्यात जनुकीय बदल सापडले, त्या बदलांनी कॅन्सर होईलच असं कोणी म्हटलं नव्हतं, तरी २०१५ मधे शस्त्रक्रिया थांबवली. लोक याला अपयश म्हणतात, मी नाही म्हणत. तपासणी असते कशासाठी मग? पुढे २०१७ पासून त्यांनी आधीच नीट तपासून ठेवलेल्या दात्याच्या पेशी वापरायला सुरुवात केली, कारण एकेका रुग्णासाठी हे सगळं नव्याने करणं फार वेळखाऊ आणि महाग पडतं.

काय बघतात तर गुणसूत्रांचा नकाशा, पण नेहमीच्या पद्धतीत थोड्याच पेशी बघितल्या जातात आणि फक्त मोठे बदल दिसतात. विसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा दुप्पट होणं हा या पेशींमधे वारंवार दिसणारा बदल, त्याने पेशी मरायला कमी तयार होतात म्हणून फ्लास्कमधे त्याच पुढे सरसावतात, आणि साध्या नकाशात तो निसटू शकतो, त्याला वेगळी डीएनए चाचणी लागते. शिवाय रूपांतर न झालेली आयपीएस पेशी मागे राहिली तर टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते, म्हणून त्या उरल्यात का ते पीसीआरने शोधतात.

उलटं पण झालंय बरं का. माणसाच्या मेझेनकायमल पेशी बाहेर जास्त दिवस वाढवल्या की आपोआप कर्करोगी होतात असा एक शोधनिबंध २००५ मधे आला आणि बरीच खळबळ उडाली. २०१० मधे लेखकांनीच तो मागे घेतला, कारण फ्लास्कमधे लॅबमधल्याच दुसऱ्या कर्करोगी पेशी मिसळल्या होत्या. म्हणून ते आयडेंटिटीचं प्रोफाइल, जे सगळ्यांना कागदी सोपस्कार वाटतं.

प्रश्न : आईचं वय ७२, डायबिटिस आहे. तिच्या पेशी चालतील का?

चालू शकतात, पण वयाने आणि डायबिटिसने पेशी कमी मिळतात आणि हळू वाढतात हे खरंय. माणसाच्या साध्या पेशी बाहेर ठरावीक वेळाच दुप्पट होतात, साधारण ४० ते ६०, हे अमेरिकन शास्त्रज्ञ हेफ्लिक यांनी १९६१ मधेच दाखवलं, आणि वयस्कर माणसाच्या पेशींचा हा साठा थोडा आधीच खर्च झालेला असतो. लॅबला विचारा की किती वेळा दुप्पट करणार आणि म्हाताऱ्या झालेल्या पेशींचं प्रमाण बघता का.

प्रश्न : एका क्लिनिकमधे सकाळी पोटाची चरबी काढतात आणि दुपारी इंजेक्शन देतात, स्क्रीनवर कोट्यवधी पेशींचा आकडा पण दाखवतात. तुमच्याच पेशी, काही साइड इफेक्ट नाही म्हणाले. घ्यावं का?

स्क्रीनवरच्या आकड्यात स्टेम सेल किती, रक्तपेशी किती, मेलेल्या किती हे कळत नाही, नुसती मोजणी आहे ती. आणि 'तुमच्याच' याबद्दल वर लिहिलंच. अमेरिकेत तीन महिलांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या होत्या, तिघींचीही नजर गेली, हे २०१७ मधे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. गुडघा आणि डोळा यात फरक आहे मान्य, पण पेशी जिथे सोडतो तिथे त्या काय होतील, चिकटतील की आकसून ओढतील, हे कोणीतरी आधी तपासलेलं हवं. हा उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणी टप्प्यात, चाचणी असेल तर तिची नोंदणी दाखवा, आणि चाचणीत भाग घ्यायला पैसे का मागताय, हे विचारून बघा. मी असते तर घेतलं नसतं.

प्रश्न : आणि सगळं करून बॅच नापास झाली तर? नवऱ्याच्या बाबतीत तशी शक्यता आहे असं सांगितलंय.

बहुतेकदा परत नमुना घेऊन परत वाढवतात. ते शक्य नसेल, आजार थांबणारा नसेल, तर मर्यादेपेक्षा थोडी खाली राहिलेली बॅच काही ठिकाणी डॉक्टर, लॅब आणि रुग्ण यांच्या लेखी संमतीने, नियामकांच्या परवानगीने देतातही, कार-टी मधे असं झालेलं आहे. पण कुठल्या कारणाने नापास झाली त्यावर सगळं अवलंबून. व्हायबिलिटी थोडी कमी भरली तर विचार करता येतो. जंतू सापडला, किंवा ओळखीचा घोळ आहे, पेशी कोणाच्या यावरच शंका आहे, तर मी एक सेकंदही विचार करणार नाही, नकोच म्हणीन. सही करायच्या आधी नवऱ्याच्या बॅचचा आकडा, मर्यादेचा आकडा आणि न दिल्यास दुसरा पर्याय काय, या तीन गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि दुसऱ्यांदा नमुना घ्यायची वेळ आली तर पहिला का बिघडला हे लॅबकडून कळल्याशिवाय त्यांना परत टेबलावर झोपवू नका.